गरम असेपर्यंत

थर्मासचं बूच आपोआप उडालं. फट्ट! आवाज एवढासाच, पण पहाटेच्या स्वयंपाकघरात तो असा वाजला की मी हातातल्या चपला छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिले. चपला हातात, कारण आमच्या घरात पावणेचार वर्षांचं एक माणूस राहतं, ज्याला ढग गडगडले तरी जाग येत नाही, पण आईच्या चपलेचा आवाज दोन भिंतींपलीकडून ऐकू येतो. मी श्वास रोखून ऐकत राहिले. आतल्या खोलीत इरा कुशीवर वळली, तिचा पाय परेशच्या पोटावर आपटला, परेश 'हं' म्हणाला आणि पुन्हा सगळं शांत झालं. बूच शेगडीखाली जाऊन पडलं होतं. थर्मास दाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. अख्खा गाव त्यांना दाजी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. मिठागरावर जाताना ते हाच थर्मास न्यायचे, आणि त्यांनी मला शंभरदा सांगितलंय, चहा ओतल्यावर मिनिटभर वाफ जाऊ दे, मग बूच लाव. पण मला घाई होती. मी दिवासुद्धा लावला नव्हता, गॅसच्या निळ्या उजेडातच चहा केला होता, चोरासारखा. स्वतःच्याच घरातून पळून जाणाऱ्या बाईसारखा. आणि गंमत म्हणजे मला मनातून तसंच, अगदी छान, पळून गेल्यासारखंच वाटत होतं.

इरा झाल्यापासून मी चहा गरम प्यायलेले नाही. तक्रार म्हणून नाही, नुसतं जे आहे ते सांगते. सकाळी चहा होतो, कपात ओतला जातो, आणि तो कप लगेच उंचावर जातो, फ्रिजच्या डोक्यावर, नाहीतर मसाल्याच्या फळीवर, कारण गरम काहीही कडेला ठेवायचं नाही हे आता माझ्या मेंदूत नाही, हातात गेलंय. मग शू, मग दूध, मग एका मोज्याचा शोध. तासाभराने कप सापडतो, वर साय आलेली. तो पुन्हा गरम होतो, पुन्हा उंचावर जातो. एकदा तर संध्याकाळी बाथरूमच्या खिडकीत सापडला होता, त्यात एक मुंगी मजेत पोहत होती. आणि हीच मी एके काळी जिथे जाईन तिथला गरम घोट आधी शोधायचे. झाशीच्या पुढे कुठेतरी, धुक्यात थांबलेल्या गाडीतून उतरून कुल्हडातला चहा प्यायलेला, पहिला घोट मातीचा, दुसरा चहाचा. कॉलेजच्या सहलीत कोइमतूरला कॉफीवाल्याने हात वर नेऊन हातभर लांब धार सोडली आणि आम्ही सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. लग्नानंतर परेशबरोबर मुन्नारला पावसात लिंबाचा काळा चहा घेतला. तो म्हणाला, 'आमच्याकडं याला कोरा चा म्हनतात आणि ताप आला की देतात, तू पन्नास रुपये देऊन पितेस.'

तर अनुष्कामॅडमचा फोन आला होता. खारघरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी इरा व्हायच्या आधी पाच वर्षं पाण्याचे नमुने तपासत होते. त्या म्हणाल्या, "रेवा, आठवड्यातून दोन दिवस बाहेरचं काम आहे. माणगावच्या बाजूच्या विहिरी, शाळांच्या टाक्या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. या शुक्रवारी एकदा जाऊन बघ. रात्री जेवायच्या आत मला हो की नाही ते सांग. नाही म्हणालीस तर केतनला कायमचं देऊन टाकीन, मग मागू नकोस." मागू नकोस हे त्यांनी हसत म्हटलं, पण मला माहीत होतं, त्या हसत म्हणतात ते खरं असतं. मला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते लहान मुलीच्या आईला शोभणाऱ्या मापापेक्षा मोठं दिसलं असतं. माझी आई फोनवर म्हणाली, "जा बाई, पण तुला दर पाच मिनिटांनी तिची आठवण येईल. पेणच्या पुढे काही तू जात नाहीस." सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गो. पोरीला आमी हाव. आमची पोरं काय आमी मांडीवर घेऊन मिठागरात मीठ वडलं?"

पळस्प्याला एसटी पुण्याचा रस्ता सोडून गोव्याच्या रस्त्याला लागली आणि पोटात एकदम हलकं झालं, पाळणा वरून खाली येताना होतं तसं. नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी पायाशी होती, बर्फ घातलेली. शेजारचे गृहस्थ साठीच्या पुढचे, मिशा पांढऱ्या पण ताठ, पाठ त्याहून ताठ. ते बराच वेळ पेटीकडे बघत होते.

"मासळी का ताई?"

"नाही, बाटल्या आहेत. पाण्याच्या."

"भरलेल्या?"

"रिकाम्या. पाणी तिकडून आणायचंय, माणगावहून."

त्यांनी पेटीला हात लावून गारवा पाहिला. "म्हणजे इकडनं बर्फ न्यायचा आणि तिकडनं पाणी आणायचं."

"हो."

"सरकारी काम दिसतंय," ते म्हणाले, आणि आमची ओळख झाली. काशीराम नाव, महाडच्या बाजूचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त. लेकीकडे करंजाड्याला आले होते, आता परत निघाले होते.

पेण येईपर्यंत मला इराची आठवण एकोणीस वेळा आली. मी मोजत होते. आईचं म्हणणं खरं ठरतंय की काय अशी धास्ती होती. आता उठली असेल. आता माझी उशी उचलून खाली बघत असेल, कारण तिला वाटतं मी लपते. आता पांढरा शर्ट नको, मांजरवाला हवा, म्हणत असेल. मांजरवाला दोरीवर ओला आहे, हे मी परेशला सांगायला विसरले. खिडकीबाहेर शेतं, मग गणपतीच्या मूर्तींचे कारखाने, बिनरंगाचे पांढरे गणपती ओळीने पाठमोरे बसलेले. हे तिला दाखवायला हवं होतं. वीस. कोलाडच्या अलीकडे रस्ता खडबडीत झाला, बसच्या सगळ्या खिडक्या एकदम बोलायला लागल्या, आणि मी थर्मास काढला. शेजारच्याला आधी दिल्याशिवाय आपण प्यायचं नाही, एवढं घरचं वळण आहे. झाकणात चहा ओतून मी तो काशीरामकाकांना दिला. ते डोळे मिटून प्यायले. पूर्ण. शेवटचा थेंबही सोडला नाही. मला बरं वाटलं. माझ्या हातचा चहा कुणीतरी सलग, गरम, शेवटपर्यंत पीत होतं.

"बारामुल्ला," ते म्हणाले.

"काय?"

"बारामुल्ल्याला असाच मिळायचा. नमकीन. फक्त तो गुलाबी असतो, आणि हा," त्यांनी झाकणाच्या तळाशी पाहिलं, "हा आपला खाकी."

मी घाईने घोट घेतला. आणि तो खिडकीबाहेर टाकावा लागला. समुद्र! नुसता समुद्र, आल्याचा वास लावलेला. मागच्या सीटवरची बाई ओरडली, "ओ, काय करता, माझ्या पोरीचा मेकअप झालाय!" मी तिची माफी मागितली, काकांची मागितली, आणि मग मला हसू फुटलं, असं की थांबेचना. "काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"फौजेत शिकवतात. समोरच्यानं प्रेमानं दिलं की आधी संपवायचं. काय होतं ते नंतर विचारायचं."

मी तिथूनच घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मी विचारलं, साखरेच्या डब्यात काय आहे? पलीकडून त्यांचं ते खालून वर चढत जाणारं हसू. "अगो माजे बाय! तू त्यातला घेतला? तो सापला मी ह्यांच्यासाठी लावलेला!" दाजींना मधुमेह आहे आणि ते पहाटे उठून साखर चोरून खातात. सासूबाईंनी काल आपल्या मिठागरातलं मीठ, शेवटच्या पोत्यातलं, मिक्सरला लावून, वस्त्रगाळ करून साखरेच्या डब्यात भरलं होतं, आणि साखर लपवली होती पिठाच्या पिंपात. मागून दाजींचा आवाज आला, "सांग तिला, मी कालच वलखलेलं. मी पिंपातली खातंय." मग त्या दोघांचंच सुरू झालं आणि मला इराबद्दल विचारायचंच राहिलं. ते माझ्या लक्षातही आलं नाही. आता वाटतं, सुरुवात तिथूनच झाली असावी.

कोलाडच्या पुढे गाडी थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "दहा मिनिटं! अकराव्याला गाडी सुटेल, मागनं फोन करायचे नाहीत!" पत्र्याची शेड, पिवळी बाकडी, भल्यामोठ्या पातेल्यात उकळणारा चहा. तोंडात अजून मीठ होतं. काशीरामकाका मिसळ घ्यायला आत गेले आणि मी एकटीच एका टेबलाशी बसले. समोर काचेचा ग्लास आला, वरपर्यंत भरलेला, धरवेना इतका गरम. मी आधी वास घेतला. मग सवयीने उजेडात धरून पाहिलं. पाणी जड असलं की चहावर तपकिरी तवंग धरतो, फुटलेल्या काचेसारखा. इथं तसं काही नव्हतं, पाणी हलकं होतं, नदीकाठच्या विहिरीचं असणार. पहिल्या घोटाला जिभेचं टोक भाजलं. दुसऱ्याला आलं लागलं. तिसऱ्याला खारटपणा धुतला जाऊन त्या जागी इतकी गोडी आली, की मला वाटलं, मीठ खाल्ल्याशिवाय ही गोडी कळलीच नसती. चहा छातीतून खाली उतरताना जाणवत होता, कुठवर पोचला ते बोटाने दाखवता आलं असतं. समोरच्या रस्त्यावरून गवताने भरलेला टेम्पो गेला. गवत हलत होतं. एक कुत्रा उन्हाचा तुकडा बघून त्यात नीट मावेल असा बसला. मी काहीच विचार करत नव्हते. कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यात कुणीही मला हाक मारत नव्हतं.

बाबा आठवले ते त्या शांततेतूनच. दर दोन वर्षांनी सुट्टीचा भत्ता घेऊन ते आम्हाला लांबच्या गाडीने कुठे कुठे न्यायचे, आणि गाडी कुठल्याही स्टेशनवर थांबली की चहाला उतरायचे. आईचा जीव टांगणीला. मी खिडकीच्या गजांना नाक लावून बघायचे: बाबा फलाटावर, गाडीकडे पाठ करून, ग्लास दोन्ही हातांनी धरून. मी ओरडायचे, "बाबा! बाबा, गाडी!" ते वळायचे नाहीत. एकदा खांडव्याला गाडी हलली तरी वळले नाहीत, शेवटचा घोट घेऊन मग धावले. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटलं होतं त्यांना ऐकू आलं नाही. आता, पस्तिशीला टेकल्यावर, कोलाडच्या पुढच्या एका पत्र्याच्या शेडखाली ती पाठ मला आतून कळली. तिथे बाबा नव्हतेच, कमलाकर नावाचा एक माणूस चहा पीत होता. त्याला बायको, मुलगी, काहीही नव्हतं. गरम असेपर्यंत.

मी ग्लास खाली ठेवला. आणि मग मला तो दिसला. टेबलाच्या अगदी काठावर, निम्मा तळ बाहेर, आत अजून दोन घोट वाफाळता चहा. पावणेचार वर्षांत मी गरम भांडं असं काठावर ठेवलं नव्हतं. माझा हात तिकडे धावला नव्हता. म्हणजे हातसुद्धा विसरला होता! मी घड्याळ पाहिलं. फोन करून ठेवला त्याला पंधरा मिनिटं झाली होती, आणि या पंधरा मिनिटांत इरा नव्हती. तिचा आवाज, तिच्या केसांचा तेलकट उन्हाचा वास, तिचं नाव, काहीच नव्हतं. माझ्या जगात ती जन्मलीच नव्हती. मी ग्लास टेबलाच्या मधोमध सरकवला, आता त्याला अर्थ नव्हता तरी सरकवला. आठवणीने जीव जाईल अशी तयारी करून मी निघाले होते. विसरण्याची तयारी कुणीच करून दिली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो चहा सुंदर होता. मला आणखी एक हवा होता.

गाडीत बसल्यावर मी काकांना विचारलं, कशाला विचारलं कोण जाणे, "तुमची मुलं लहान होती तेव्हा तुम्ही तिकडे बर्फात. आठवण यायची?"

"यायची की."

"सारखी?"

"चहा संपल्यावर," ते म्हणाले. मिशीला मिसळीचा तांबडा तवंग लागला होता, तो त्यांनी रुमालाने टिपला. "चहा असेपर्यंत चहाच. नाहीतर माणूस टिकत नाही ताई. तुमचं लेकरू केवढं?" मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला. "डोळे सुभेदाराचे आहेत," असा निकाल देऊन परत केला.

माणगावात दिवस कामात गेला. शाळेच्या नळाचं तोंड ज्योतीने शेकायचं, पाणी दोन मिनिटं सोडून द्यायचं, मग बाटली भरायची, बोट आत लागू द्यायचं नाही. हातांना सगळं येत होतं. विहिरीत दोरीला बांधून बाटली सोडली, बुडबुडे आले, बाटली जड झाली, आणि ओढून वर घेताना मला पुन्हा तो आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मागोमाग, सावलीसारखी, ती भीती. दोन दिवस आठवड्याला. म्हणजे महिन्याला आठ ग्लास चहा तरी नक्की. आठ वेळा मी माझ्या पोरीला जगातून काढून टाकणार. परतीच्या बसमध्ये मी डोळे मिटून तिला सारखी आठवत राहिले, शिक्षा म्हणून, आणि अशी मुद्दाम आठवली तर ती नीट दिसेचना, ओळखपत्रावरच्या फोटोसारखी दिसली. पनवेलच्या स्टँडवर पेटी घ्यायला केतन आला होता. तो म्हणाला, "ताई, तुम्हीच करणार ना हे? प्लीज करा. मला एसटीत उलटी होते." मी हसले, पण ठरवलं होतं. मनात वाक्यसुद्धा तयार होतं: मॅडम, सध्या नाही जमणार.

मी दारात उभी राहिले तेव्हा इरा धावत आली नाही. ती हॉलमध्ये बसून ताटलीवर काहीतरी थापत होती. तिने मान वर केली, "आलीस?" म्हणाली, सिलिंडरवाल्याला म्हणावं तसं, आणि पुन्हा खाली बघायला लागली. मी तिच्याजवळ फरशीवर बसले, पाय पसरले, फोन काढला. 'मॅडम, सध्या' एवढं लिहून झालं होतं.

"आई, मी आज तुला विसरले."

माझं बोट थांबलं. "कधी गं?"

"आजी भाकऱ्या करत होती ना, तेव्हा. मी पण केली. तांदळाची. आजीची गोल झाली, माझी म्हैस झाली. म्हशीला शिंग पण केलं. तेव्हा तू नव्हतीसच." तिने ताटलीवरचं पीठ चापटलं. "मग झोपून उठले तर होतीस."

ती हे असं सांगत होती जसं दुपारी दिवे गेले होते आणि मग आले. चेहऱ्यावर गुन्ह्याचा लवलेश नाही. उलट, तिला ती म्हैस दाखवायची होती. आतून सासूबाई ओरडल्या, "चार तास तुजं नाव नाय काढलं पोरीनं! शेवटी मलाच वाईट वाटलं, मीच विचारलं, अगो तुजी आयस कुटं हाय? तर मला म्हनते, गप्प आजी, म्हैस बिघडंल!" आणि दाजी हसले, आणि मला एकदम त्या म्हशीचा, त्या चार तासांचा, ज्यात मी कुठेच नव्हते, इतका हेवा वाटला आणि इतकं सुख झालं, की डोळे भरून आले. तिच्याजवळही होतं तर ते. तिचं तिचं. मी तिथे नसताना पूर्ण भरलेलं.

मी 'मॅडम, सध्या' पुसलं. 'हो' लिहिलं. पाठवलं. लगेच अनुष्कामॅडमचा अंगठा आला.

मग मी इराला ओढून मांडीवर घेतलं. पिठाचे हात माझ्या गळ्याशी आले. तिला खरं सांगावंसं वाटलं. ज्याने आपल्याला खरं सांगितलं त्याला दुसरं काय सांगणार? "मी पण तुला विसरले होते आज," मी म्हटलं. "थोडा वेळच. बस थांबली होती, आणि मी चहा पीत होते."

मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिने मागे सरून माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळे मोठे करून, जणू मी तिला एखाद्या अशा गावाबद्दल सांगत होते जिथे ती जाऊन आली आहे पण तिला ते आठवत नाही. कपाळावर पीठ, मधोमध एक आठी.

"मग तेव्हा," ती म्हणाली, "मी कुठे होते?"